पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी बाहेरून जोडणी होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावच्या घराचा सीसीटीव्ही पुण्यातून बघायचा असतो, मुलांना मित्रांसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवायचा असतो, नाहीतर घरच्या नॅसवरचे (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावरचे) फोटो ऑफिसात बसून उघडायचे असतात. त्यासाठी राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम भरला जातो, म्हणजे बाहेरून अमुक पोर्टवर (क्रमांक असलेल्या दारावर) आलेली जोडणी घरातल्या अमुक यंत्राकडे पाठवायची. तो सेव्हही होतो, आणि तरी बाहेरून काहीच उघडत नाही. मग तोच नियम पुसून पुन्हा भरणं, राउटर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करणं असं सुरू होतं. दोष बहुतेक वेळा त्या पानावर नसतोच. खालचे प्रश्न साधारण तपासणीच्या क्रमाने लावले आहेत. पहिले तीन सोडून पुढे जाऊ नका.

### नियम बरोबर आहे, राउटर 'एनेबल्ड' दाखवतो. मग अडतं कुठे?

बाहेरून निघालेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, तुमच्या यंत्रापर्यंत येताना सेवा पुरवठादाराच्या नेटवर्कमधून, फायबरच्या डब्यातून, तुमच्या राउटरमधून आणि यंत्रावरच्या फायरवॉलमधून जातं. शेवटी ते घ्यायला तिथे एखादा प्रोग्रॅम जागा असावा लागतो. त्याचं उत्तरही नीट परत जावं लागतं, आणि हे लोक हमखास विसरतात. फॉरवर्डिंगचा नियम या साखळीतल्या एकाच कडीची सोय करतो. त्यामुळे प्रत्येक तपासणीत एकच गोष्ट शोधायची: पॅकेट कुठपर्यंत पोचलं?

### माझ्याकडे खरोखरचा सार्वजनिक आयपी पत्ता आहे का, हे कसं ओळखायचं?

ही तपासणी सगळ्यात आधी करा. ती दोन मिनिटांची आहे आणि भारतातल्या घरगुती जोडण्यांवर बहुतेकदा घोडं इथेच अडतं.

राउटरच्या पानावर लॉगिन करा आणि 'स्टेटस' किंवा 'वॅन' (राउटरची बाहेरची बाजू) या भागात दिसणारा आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे टिंबांनी तोडलेले चार आकडे, लिहून घ्या. मग घरच्याच वायफायवरून, व्हीपीएन बंद ठेवून, तुमचा आयपी दाखवणारं कुठलंही संकेतस्थळ उघडा. तिथे लांबलचक, अक्षरं आणि आकडे मिसळलेला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६चा आहे. तुलना करायची ती आयपीव्ही४ पत्त्याची. दोन्हीकडे एकच पत्ता असेल तर तो तुमचा स्वतःचा आहे, पुढे चला. वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक नॅट (अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे बसवणारी व्यवस्था) बसलं आहे आणि तुमचा नियम कितीही अचूक असला तरी पॅकेट त्याच्यापर्यंत येतच नाही.

वॅनच्या पत्त्याचे सुरुवातीचे आकडेही बरंच सांगतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा २०१२ साली खास पुरवठादारांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवला गेला. अशा सामायिक नॅटलाच सीजीनॅट म्हणतात. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होणारे पत्ते खासगी असतात. १९२.१६८ दिसला तर बहुधा पुढचा डबा तुमच्याच घरात आहे. १० दिसला तर तो पुरवठादाराचाही असू शकतो, कारण काही पुरवठादार सीजीनॅटसाठी तोच पट्टा वापरतात.

हे का झालं? आयपीव्ही४चे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-पॅसिफिक भागाला पत्ते वाटणारी एपनिक ही संस्था १५ एप्रिल २०११ रोजी आपल्या शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. आपल्याकडे घरोघरी फायबर पोचलं ते बहुतांशी त्यानंतर. त्यामुळे पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. पन्नास बिऱ्हाडांच्या सोसायटीचा फक्त गेटपर्यंतचा पत्ता लिहिलेलं पाकीट यावं आणि ते कुणाच्या दारी द्यायचं हे वॉचमनला कळू नये, तसं बाहेरून आलेल्या पॅकेटचं होतं. तुम्ही आतून बाहेर गेलात तर नोंद राहते आणि उत्तर बरोबर परत येतं. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची अशी नोंद कुठेच नसते.

एक सावधगिरी: टेलस्केल (आपली यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर संगणकावर १००.ने सुरू होणारा पत्ता दिसेल. टेलस्केल आपल्या यंत्रांना त्याच पट्ट्यातले पत्ते देतं. त्यावरून सीजीनॅटचा निष्कर्ष काढू नका, राउटरच्या वॅनचाच पत्ता बघा.

### सीजीनॅट आहे हे कळलं. आता काय?

राउटरवरचं काम थांबवा. यापुढचे मार्ग तीन आहेत.

पहिला, पुरवठादाराकडून सार्वजनिक पत्ता मागणे. बहुतेक जण तो 'स्टॅटिक आयपी' या नावाने वेगळे पैसे घेऊन देतात. काही जण फक्त व्यावसायिक प्लॅनवर. बोलताना शब्द नेमके वापरा: "मला पब्लिक आयपीव्ही४ हवा, सीजीनॅटच्या मागे नको, आणि बाहेरून येणारी पोर्ट बंद नकोत." स्थिर पत्ता सार्वजनिक असेलच असं नाही. न बदलणारा खासगी पत्ताही 'स्टॅटिक'च असतो आणि तुमच्या कामाचा नसतो. म्हणून पैसे भरण्याआधी हे ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, आणि पत्ता मिळाल्यावर राउटर रीस्टार्ट करून वरची तुलना पुन्हा करा. गावाकडे केबलवाल्याकडून जोडणी घेतली असेल तर फोनवरच्या कस्टमर केअरपेक्षा त्याच्याशीच बोललेलं बरं. त्याच्या वरच्या कंपनीशी त्याचा रोजचा संबंध असतो.

दुसरा, आयपीव्ही६. याकडे विनाकारण दुर्लक्ष होतं. आयपीव्ही६ वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे आणि मोबाइल डेटावर तर ते सर्रास मिळतं. इथे पत्त्यांची टंचाई नसल्याने नॅटही नसतं. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तो २ किंवा ३ने सुरू होतो. एफई८०ने सुरू होणारा पत्ता फक्त घरापुरता असतो, तो इथे चालत नाही. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका यंत्राच्या त्या एका पोर्टला परवानगी द्यायची, एवढंच काम. अडचणी अशा की काही पुरवठादारांच्या राउटरमध्ये हा पर्यायच दिसत नाही, पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतो, आणि बघणारा जिथे बसला आहे तिथेही आयपीव्ही६ असावं लागतं. बऱ्याच ऑफिसांत ते नसतं.

तिसरा, बोगदा. टेलस्केल, झीरोटियर, क्लाउडफ्लेअर टनेल यांत तुमचं यंत्र आतून बाहेर जोडणी करतं, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या चार माणसांनी वापरायचं असेल तर माझ्या मते सार्वजनिक पत्ता मिळत असतानाही टेलस्केलच बरं. डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यावर, ते बसत नाही. पण त्याच घरात सतत चालू राहणारा रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा संगणक) किंवा जुना संगणक असेल तर त्याच्यावर ते बसवून 'सबनेट राउटर'ची सोय चालू करा, मग त्याच्यामार्फत डीव्हीआरही दिसतो. क्लाउडफ्लेअर टनेल संकेतस्थळांसाठी उत्तम आहे. खेळांच्या सर्व्हरला मात्र पलीकडच्या खेळाडूकडेही त्यांचा प्रोग्रॅम बसवावा लागतो. सगळ्या मित्रांना काही न बसवता खेळायचं असेल तर एक लहानसा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी संगणक) भाड्याने घेऊन घरापासून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका. तो मुंबईतल्या डेटा सेंटरमधला घेतलात तर लॅगही आटोक्यात राहतो.

### डीडीएनएस लावलं तर सीजीनॅटवर उपाय होईल का?

नाही. डकडीएनएस, नो-आयपी यांसारख्या सेवा बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देतात. पत्ताच सामायिक असेल तर नावही त्या सामायिक पत्त्याकडेच नेतं.

### घरात फायबरचा डबा वेगळा आणि माझा राउटर वेगळा. नियम कुठे भरायचा?

दोन्ही डबे राउटरचं काम करत असतील तर ते दुहेरी नॅट झालं, आणि नियम फक्त एकावर भरून भागत नाही. ओळख सोपी: तुमच्या राउटरच्या वॅनचा पत्ता १९२.१६८ने सुरू होतो.

सर्वांत स्वच्छ उपाय म्हणजे फायबरचा डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो राउटरचं काम सोडून जोडणी फक्त पुढे देतो) टाकून जोडणीचं युजरनेम-पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरणे. यासाठी लाइनमनला बोलवावं लागेल, कारण डब्याचा मुख्य पासवर्ड बहुधा त्यांच्याकडेच असतो. डब्यावरून लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल तर त्याचं काय होईल हे आधी विचारा. ते जमत नसेल तर उलटं करा: तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल आणि नियम फायबरच्या डब्यावर भरता येईल. तेही नको असेल तर नियम दोनदा भरायचा. डब्यावर पोर्ट तुमच्या राउटरच्या पत्त्याकडे पाठवायचं आणि राउटरवर तेच पोर्ट यंत्राकडे. चालतं, पण सहा महिन्यांनी दुरुस्ती करताना कुणालाच आठवत नाही की दोन ठिकाणी बघायचं आहे.

वायफाय वरच्या मजल्यावर पोचावं म्हणून लावलेला मेश संचही राउटर मोडमध्ये असला तर असंच दुहेरी नॅट तयार करतो. आणि यंत्र गेस्ट वायफायवर असेल तर ते वेगळं ठेवणं हाच त्या वायफायचा हेतू असतो, तिथे फॉरवर्डिंगची अपेक्षा धरू नका.

### नियमाच्या रकान्यांत नेमकं काय भरायचं?

पानाचं नाव राउटरनुसार बदलतं. टीपी-लिंकमध्ये 'व्हर्च्युअल सर्व्हर्स', हुआवेच्या डब्यात 'पोर्ट मॅपिंग', इतरत्र 'पोर्ट फॉरवर्डिंग'. बाहेरचं पोर्ट म्हणजे बघणारा टाइप करतो ते, आतलं पोर्ट म्हणजे यंत्र ऐकतं ते, आणि आतला आयपी यंत्राचा. 'सोर्स पोर्ट' किंवा 'रिमोट आयपी' असा रकाना असेल तर तो रिकामा सोडा; तिथेही तेच पोर्ट भरलं की नियम कधीच लागू होत नाही.

फायबरच्या डब्यांत आणखी एक जागा फसवते. त्यात एकाहून अधिक वॅन जोडण्या असतात: एक इंटरनेटची, एक आवाजाची, एक पुरवठादाराच्या देखभालीची. नियमातल्या यादीत इंटरनेटचीच निवडली आहे ना, ते बघा.

टीसीपी की यूडीपी (माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) हेही महत्त्वाचं. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपी २५५६५ वापरते, बेडरॉक आवृत्ती यूडीपी १९१३२. वायरगार्डला यूडीपी लागतं, सहसा ५१८२०.

### पुरवठादार काही पोर्ट बंद ठेवतात का?

ठेवतात. २५ आणि ४४५ बऱ्याचदा, ८० आणि ४४३ कधीकधी. राउटरचं स्वतःचं पानही बाहेरून ८० किंवा ८०८० अडवून बसलेलं असू शकतं. बाहेरचं पोर्ट ५००८० असं काही वरचं घ्या आणि आतलं ८० ठेवा. तसं चाललं तर दोष कुठे होता ते कळलंच.

### घरच्या वायफायवरून बाहेरचा पत्ता टाकला तर उघडत नाही, पण मित्राला दिसतं. हे कसं?

तुमचं फॉरवर्डिंग चालू आहे. आतूनच आपल्या सार्वजनिक पत्त्याकडे जाऊन परत आत वळण्याची सोय, म्हणजे नॅट लूपबॅक, सगळ्या राउटरमध्ये नसते. तपासणी नेहमी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून करा. घरात असताना थेट आतला पत्ता वापरा.

### पोर्ट तपासणारं संकेतस्थळ 'क्लोज्ड' म्हणतं. यावर किती विश्वास ठेवायचा?

आधी प्रोग्रॅम चालू आहे ना ते बघा. ऐकणारं कुणी नसेल तर वाट मोकळी असूनही पोर्ट बंदच दिसतं. दुसरं, ही संकेतस्थळं बहुतेक फक्त टीसीपी तपासतात. वायरगार्ड किंवा बेडरॉकसाठी त्यांचं 'क्लोज्ड' निरर्थक आहे, तिथे प्रत्यक्ष जोडूनच बघावं लागतं.

नकार कसा आला याकडे मात्र बारकाईने बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' ताबडतोब आलं तर पॅकेट कुठल्यातरी यंत्रापर्यंत पोचलं आणि तिथे त्या पोर्टवर कुणी नव्हतं: प्रोग्रॅम बंद, पोर्ट चुकीचं, किंवा तो नकार राउटरनेच दिला. बराच वेळ थांबून 'टाइम आउट' आलं तर वाटेत कुणीतरी पॅकेट गुपचूप टाकून दिलं: सीजीनॅट, पुरवठादार किंवा फायरवॉल. हा एक फरक कळला की अर्धी शोधाशोध वाचते.

### विंडोजवर सर्व्हर चालवतोय. घरातल्या दुसऱ्या संगणकावरूनही जोडला जात नाही.

मग राउटरचा यात काहीच संबंध नाही. घरातल्या घरात जोडणी होईपर्यंत बाहेरचा विचार करू नका.

विंडोजने तुमचं वायफाय 'पब्लिक' ठरवलं असेल तर फायरवॉल कडक होते. ते 'प्रायव्हेट' करा आणि त्या पोर्टसाठी इनबाउंड नियम घाला. दुसरा अँटीव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल वेगळी असते. मग 'नेटस्टॅट' या आज्ञेने येणाऱ्या यादीत प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. १२७.०.०.१ दिसलं तर तो फक्त त्याच संगणकाचं ऐकतो. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ते ०.०.०.० करावं लागेल. त्या संगणकावर व्हीपीएन चालू असेल तर पॅकेट राउटरमधून येतं आणि उत्तर व्हीपीएनमधून निघून जातं. बघणाऱ्याला ते कधीच मिळत नाही.

### वीज जाऊन आली की सगळं बंद पडतं.

गावाकडे हा रोजचाच त्रास. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर दोन पत्ते बदलू शकतात. यंत्राचा आतला पत्ता बदलला तर नियम भलत्याच यंत्राकडे बोट दाखवत राहतो. राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' करून यंत्राच्या मॅक पत्त्याला (नेटवर्कवरची यंत्राची स्वतःची ओळख) एक आयपी कायमचा बांधा. यंत्र वायफायवर असेल तर त्यातला 'रँडम मॅक'चा पर्याय बंद करा, नाहीतर बांधलेला पत्ता सुटतो. बाहेरचा पत्ता बदलला तर डीडीएनएस कामाला येतं. वीज गेल्यावर फायबरचा डबा आणि राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. तो घ्याच, अर्धा त्रास तिथेच संपतो.

नियमच गायब झाला असेल तर कारण वेगळं. पुरवठादार आपल्या डब्याची सेटिंग दुरून बदलू शकतो आणि अपडेटनंतर तुमचे नियम पुसले जाऊ शकतात. भरलेल्या पानाचा फोटो काढून ठेवा.

### डीव्हीआर घरात व्यवस्थित दिसतो, बाहेरून अजिबात नाही. किंवा लॉगिन होतं, पण चित्र येत नाही.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

बाहेरून अजिबात दिसत नसेल आणि वरचं सगळं तपासून झालं असेल, तर डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन 'गेटवे' बघा, म्हणजे बाहेर जाणारी पॅकेट ज्याच्याकडे द्यायची त्या राउटरचा पत्ता. कॅमेरे बसवणाऱ्याने पत्ता हाताने भरलेला असतो. मग तुम्ही जोडणी बदलता, नवा राउटर येतो, त्याचा पत्ता वेगळा असतो. जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१, जुन्याचा कदाचित १९२.१६८.१.१. जुळवाजुळव करताना आयपी बदलला जातो आणि गेटवे जुनाच राहतो. घरातल्या घरात गेटवे लागतच नाही, म्हणून टीव्हीवर, वायफायवर सगळं छान दिसतं. बाहेरून आलेलं पॅकेटही पोचतं. उत्तर कुठून पाठवायचं हे मात्र डीव्हीआरला ठाऊक नसतं. हा दोष शोधायला लोकांचे आठवडे जातात, कारण राउटरवर चुकीचं काहीच नसतं.

लॉगिन होऊन चित्र येत नसेल तर एकच पोर्ट उघडलं आहे. पान ८० वर येतं, चित्र दुसऱ्या पोर्टवर. हिकव्हिजनच्या यंत्रात ते मूळचं ८०००, दाहुआत ३७७७७, आणि आरटीएसपीने (थेट चित्र पाठवण्याची एक पद्धत) बघायचं तर ५५४. हे आकडे बसवणाऱ्याने बदललेले असू शकतात; डीव्हीआरच्याच मेन्यूत खात्री करा.

### क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइल अ‍ॅपमध्ये कॅमेरा दिसतो. मग पोर्ट उघडायचं कशाला?

उघडू नका. त्या पद्धतीत डीव्हीआर आपणहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि तुमची गाठ तिथे घातली जाते. कंपनीच्या सर्व्हरवर विसंबायचं नसेल, तरच दुसरा मार्ग शोधा, आणि तोही टेलस्केल किंवा वायरगार्डचा.

### आमच्या घरचं एक पोर्ट उघडं असल्याने कुणाचं काय बिघडणार?

२०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केलं. एका चांगल्या जोडणीवरून अख्ख्या आयपीव्ही४ जगाचं एक पोर्ट ४५ मिनिटांच्या आत तपासता येतं, हे त्यांनी दाखवलं. तुमचं घर कुणाला शोधावं लागत नाही. यंत्रं रात्रंदिवस सगळ्यांचीच दारं वाजवत असतात.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (बळकावलेल्या यंत्रांच्या फौजेने) मूळचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डिन या कंपनीची डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारी) कोलमडवून मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांत असा दोष उघड झाला की पासवर्ड माहीत नसतानाही बाहेरून ताबा घेता येत होता. म्हणजे चांगला पासवर्ड हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. फर्मवेअरही, म्हणजे यंत्रातला मूळ प्रोग्रॅमही, अद्ययावत लागतं. जुन्या डीव्हीआरला ते मिळत नसेल तर त्याचं पोर्ट उघडू नये, असं मी ठामपणे सांगेन. घरातल्या कॅमेऱ्यासमोर आपली आई-वडील, मुलं वावरत असतात.

विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९, थेट उघडू नका. बाहेरचा आकडा बदलून ते लपत नाही. फायलींचं ४४५ तर कधीच नाही. २०१७चं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर त्याच वाटेने पसरलं.

### डीएमझेड चालू केलं की सगळं चालतं. तसंच ठेवू का?

नको. डीएमझेड म्हणजे त्या यंत्राची सगळीच पोर्टं बाहेर. दोष नियमात आहे की पुढे, हे ठरवायला पाच मिनिटं चालू करा आणि लगेच बंद करा. यूपीएनपीही गरज नसेल तर बंद ठेवलेलं बरं. त्यामुळे घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतं, आणि त्याने आधीच घेतलेलं पोर्ट तुमच्या नियमाला मिळत नाही.

### हे सगळं करून झालं. तरी सापडत नाही.

आता अंदाज बंद आणि पॅकेट प्रत्यक्ष बघायचं. संगणकावर वायरशार्क (ये-जा करणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम) चालू करा, तुमच्या पोर्टचा फिल्टर लावा आणि मोबाइल डेटावरून जोडायचा प्रयत्न करा. एकही पॅकेट दिसलं नाही तर दोष राउटरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. पॅकेट आलं आणि उत्तर निघालं नाही तर यंत्राची फायरवॉल. उत्तरात 'रीसेट' गेलं तर त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. उत्तर नीट गेलं आणि तरी जोडणी झाली नाही तर परतीची वाट बिघडली आहे, म्हणजे गेटवे, व्हीपीएन नाहीतर दुहेरी नॅट.

डीव्हीआरवर वायरशार्क चालत नाही. तेव्हा त्याची केबल काढा, तीच लॅपटॉपला लावा, लॅपटॉपला हाताने डीव्हीआरचाच आयपी आणि राउटरचा खरा गेटवे द्या आणि पायथनचा छोटा वेब सर्व्हर त्याच पोर्टवर सुरू करा. राउटरमध्ये तो आयपी डीव्हीआरच्या मॅकला बांधलेला असेल तर तेवढ्यापुरता सोडवा. बाहेरून लॅपटॉप दिसला तर पुरवठादार, डबा, राउटर आणि नियम सगळे निर्दोष सुटले. डीव्हीआरचा गेटवे आणि पोर्ट पुन्हा उघडून बघा. लॅपटॉपही दिसला नाही तर केबल जागेवर लावा आणि वॅनच्या पत्त्याची तुलना आज पुन्हा करा, कारण पुरवठादार कधीकधी न कळवताही जोडणी सीजीनॅटवर हलवतात.